धुतलेल्या शेपट्यांचा कळप

तेवीस वर्षं मी गोंदियाच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यात ढोरांचा डॉक्टर होतो. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी माझी नोकरी संपली. लोक विचारतात, इतकी वर्षं ढोरांना सुया टोचून कंटाळा नाही आला? मी सांगतो, टोचायचं काम त्यात थोडंच होतं. माझा खरा धंदा वाटा अडवण्याचा.

ते कसं, ते आधी सांगायला हवं. शहरातल्या वाचकाने बुळकांडी पाहिलेली नसणार. आमच्याकडे तिला नुसतं 'माता' म्हणत. ढोराला ताप चढतो, ते चारा सोडतं, डोळ्यांतून-नाकातून पाणी गळतं, तोंड आतून सोलून निघतं, आणि मग अशी हगवण लागते की आठवड्यात धडधाकट हेल्याची हाडं मोजून घ्यावीत. हेला म्हणजे नांगराचा रेडा. धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, तो जे काम करतो ते बैलाला जमत नाही. बुळकांडी गावात शिरली की गावाबाहेरच्या आखरावर सकाळी जमणारी ढोरं पंधरा दिवसांत बोटावर मोजण्याइतकी उरत. एकदा लागण झालेल्या जनावराला औषध नव्हतं.

पण तिची एक खोड मी नोकरीच्या सुरुवातीलाच ओळखली. लोकांना वाटे ती वाऱ्याने येते, कोणाच्या नजरेने येते. ती येते रस्त्याने, चार पायांवर. आणि बहुतेक वेळा कोणीतरी तिला बाजारातून दात पाहून, पाठ थोपटून विकत घरी आणलेली असते. म्हणून रोग झालेलं गाव शोधत फिरण्यापेक्षा बाजाराच्या वाटेवर जाऊन उभं राहावं, हे मला अधिक शहाणपणाचं वाटे.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतो आहे, त्या वर्षी ज्येष्ठ लागला होता. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी छत्तीसगडातून हेल्यांचे नि बैलांचे मोठमोठे कळप सालेकसाच्या बाजूने आमच्याकडे उतरत. करंजी गावच्या गुरुवारच्या ढोरबाजारात ते विकले जात. मी सोमवारीच माझी बैलगाडी घेऊन पूर्वेच्या वाटेला लागलो. गाडी हाकायला दौलत, माझा चपराशी. वयाने माझ्याहून मोठा, आणि ढोरांबद्दलची माहितीही, खरं सांगायचं तर, माझ्याहून थोडी जास्तच.

नाल्याकाठी मोहाच्या झाडांखाली एक कळप थांबलेला दिसला. दीडशेच्या आसपास जनावरं. लांबून पाहता झकास माल. पण दौलतने गाडी उभी केली नि म्हणाला, "बाबू, शेपट्या पाहा."

मी पाहिलं. अठरा-वीस दिवस चाललेला कळप कसा असतो, तर पाठीपासून खुरापर्यंत धुळीने एकरंगी. हाही तसाच होता. फक्त सात-आठ जनावरांच्या शेपट्या आणि मागच्या मांड्या स्वच्छ होत्या. कोणीतरी त्या सकाळीच धुतल्या होत्या. आणि ढोरवाला ढोराचा मागचा भाग उगाच धूत नाही.

कळपाचा मालक रामाधीन. साठीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. वीस वर्षं तो याच बाजाराला येत होता. त्याच्याकडून घेतलेली जोडी वाईट निघाली असं मी कधी ऐकलं नव्हतं. मी थर्मामीटर काढला तसा तो पुढे आला.

"काबर रोकथव साहेब? पानी बदले हे, पेट चलत हे. बेमारी नोहे." का अडवता, पाणी बदललं म्हणून पोट चाललंय, रोग नाही, असं त्याचं म्हणणं.

मी पहिल्या बैलाचा ताप मोजला. पारा एकशे पाचच्या वर. मग त्याचा खालचा ओठ उलटा केला. हिरडीवर कोंडा शिंपडल्यासारखे बारीक पांढुरके ठिपके होते. ते ठिपके आणि तो वास ज्याने एकदा अनुभवला, त्याला पुस्तक उघडावं लागत नाही. मी रामाधीनला तो ओठ दाखवला. त्याने पाहिलं आणि नजर खाली घातली. त्याला ठाऊक होतं.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"तीन दिन," तो म्हणाला. "अठारा दिन ले रेंगत हन साहेब. लहुटके कहाँ जाबो?" अठरा दिवस चालतो आहोत, आता परत फिरून जायचं कुठे, असं तो विचारत होता.

आता माझी अडचण ऐका. कळप अडवायचा लेखी हुकूम काढणं माझ्या हातात नव्हतं. मी तार करायची, वरून विचारणा यायची, मी उत्तर द्यायचं, मग सही व्हायची. तोवर गुरुवार उलटून गेला असता आणि त्या कळपातला एकेक हेला एकेका गावाच्या गोठ्यात बांधला गेला असता. रामाधीनला मी नुसतं 'थांब' म्हणालो असतो, तर मी पाठ फिरवताच तो जंगलाच्या वाटेने निघून गेला असता. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

म्हणून मी त्याच्या शेजारी मोहाखाली बसलो आणि खरं ते सांगितलं. माझ्याजवळ सिरमच्या बाटल्या होत्या. सिरम म्हणजे बुळकांडीतून उठलेल्या जनावराच्या रक्तातला पातळ भाग. तो टोचला की दहा-बारा दिवस रोगाचा जोर चालत नाही. आणि त्याच दिवसांत रोगाची लागण झाली, तर जनावर थोडं आजारी पडतं, बरं होतं, आणि मग जन्मभर त्याला बुळकांडी शिवत नाही.

"तू पुढे गेलास तर अर्धा कळप वाटेत पडेल," मी म्हणालो, "आणि ज्या गावात उरलेला विकशील, ते गाव तुझं नाव कधी विसरणार नाही. इथे थांबलास, तर माझ्याजवळचं सगळं सिरम तुझ्या ढोरांना टोचतो. महिन्याभराने जी उठतील, त्यांना घ्यायला लोक तुझ्याकडे चालत येतील."

त्याने कळपावरून नजर फिरवली. मग म्हणाला, "ए मन मोर नाव ले बिकाथे." ही जनावरं माझ्या नावावर विकली जातात, एवढंच. पण तो थांबला.

थांबणार कुठे, हा पुढचा प्रश्न. पाणी हवं, चारा हवा, आणि दुसरं ढोर तिथे फिरकायला नको. तिथून कोसभर आत कोसमघाट नावाची गोंडांची वस्ती होती. वस्तीच्या वरच्या अंगाला तीन बाजूंनी टेकड्या असलेली एक खोलगट जागा आणि तिच्यात बारमाही झरा. जागा मंगलू भुमकाच्या शब्दाशिवाय मिळणार नव्हती. भुमका म्हणजे गावचा पुजारी. गावाच्या शिवेवरचं बरंवाईट त्याच्याकडे.

मला वाटलं होतं, हा नकार देईल. मंगलूने सगळं ऐकून घेतलं आणि मलाच अटी घातल्या. "माता आली तं आमी शीव बांधतो. आमचं ढोर तिकडं जानार नाई, तिकडलं इकडं येनार नाई. जो आत गेला त्याचे बैल, त्याची गाडी, त्याचा चारा, काई बाहेर नाई. तुमचाही."

मी म्हटलं, हुकूम लिहून आणतो, म्हणजे कोणी मोडणार नाही.

तो हसला. "तुमचा कागद जंगलात कोन वाचते, बाबू? दोरी सारेच वाचतेत."

त्याने पळसाच्या मुळांची दोरी वाटेवर आडवी ताणली, तिला पाल्याचे झुबके बांधले, कोंबडं चढवलं. मी ढोरांच्या डॉक्टरीच्या शाळेत जे तीन महिने शिकलो, ते त्या माणसाने दुपारच्या जेवणाआधी करून दाखवलं. माझ्या उरलेल्या नोकरीत मी जिथे जिथे भुमका होता तिथे तिथे आधी त्याच्याकडे गेलो आणि मग कागदाकडे. याचा मला अभिमान आहे.

मंगळवारी दिवसभर मी नि दौलतने टोचलं. शेवटची बाटली संपली तेव्हा माझा अंगठा सुजला होता. गाडी-बैल आतच ठेवून, जोडे धुऊन मी पायी निघालो आणि नव्या सिरमसाठी स्टेशनवरून तार पाठवली. मग गाठलं करंजी.

करंजीचे मालगुजार तेजराम पटेल. बाजार त्यांच्या जमिनीवर भरे. त्यांनी माझं म्हणणं पुरतं ऐकलंही नाही. "डाक्टर, तुमी का बोलून राहिले? पानी पंधरा दिवसावर आला. जोडी नाई भेटली तं लोकं चिखल का हातानं करतीन?"

"बाजार बंद करा असं मी म्हणतच नाही," मी म्हणालो. "बाहेरचं जनावर आत नको. गावोगावचं येईल ते मी दारात तपासून सोडतो. रामाधीनचा कळप महिन्याभराने, आषाढात मिळेल."

"आनि नाई भेटला तं?"

"तर सगळ्या बाजारासमोर मला जाब विचारा."

पटेल माझ्याकडे पाहत राहिले. "व्हय," ते म्हणाले. "पन दारात तुमीच उभे राहाल. मी नाई कोनाले थांबवत."

गुरुवारी मी दारात उभा राहिलो. सकाळपासून दुपारपर्यंत प्रत्येक जनावराचा ओठ उलटून पाहिला. शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या. एका गृहस्थाने तर आपल्याच बैलाचा ओठ उलटू द्यायचा नाही म्हणून हात धरला. सोडला तेव्हा कळलं, त्याने दात घासून बैलाचं वय चार वर्षांनी कमी केलं होतं! मी म्हटलं, वयाशी मला कर्तव्य नाही, जा आत. बाहेरचे दोन छोटे कळप मी परत फिरवले. बाजार भरला, आणि उठलाही. एकाही गावात रोग गेला नाही.

इथेच गोष्ट संपली असती तर मी ती याहून मोठ्या आवाजात सांगितली असती.

कोसमघाटला परतून मी दोरीच्या आत राहून काम करत होतो. जनावर मेलं की खोल खड्डा, आणि पुरण्याआधी त्याचं कातडं सुरीने चिरून टाकायचं. कातडं अखंड राहिलं तर ते पुन्हा उकरून विकायला नेतात नि रोग त्याच्यासोबत निघतो. रामाधीन प्रत्येक खड्ड्याशी उभा राही आणि मेलेल्या जनावराच्या कपाळाला हात लावी. असे अकरा खड्डे झाले. बाकीची सारी उठली.

बाराव्या दिवशी पटेलांचा निरोप आला. करंजीत एका हेल्याने चारा सोडलाय, ताबडतोब या. मी मंगलूकडे गेलो नाही. मी डॉक्टर होतो, नियम कशासाठी आहेत ते मला ठाऊक होतं. माझ्या बैलांना सिरम टोचलं होतं. मी गाडीची चाकं आणि बैलांचे पाय फिनाईलने धुतले, स्वतःचे जोडे धुतले, आणि दोरी वर उचलून गाडी बाहेर काढली.

वाटेत ऊन फार झालं, म्हणून बेलाटी गावात सेवंताबाईच्या अंगणात थांबलो. सेवंताबाई एकटीच शेती करणारी बाई. नवरा वारल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. हेल्यांची एक जोडी आणि एक गाय, एवढी तिची ढोरं. तिने आम्हाला पाणी दिलं, आंबील दिली. दौलतने उपकाराची फेड म्हणून गाडीतलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, तिच्या ढोरांपुढे टाकलं. मी ते पाहिलं. पाहून मला बरं वाटलं, हेही आठवतं.

करंजीच्या हेल्याच्या जिभेत बाभळीचा काटा रुतला होता. काढला, तो खाऊ लागला.

आठवड्याने बेलाटीची बातमी आली. मी धावत गेलो. सेवंताबाईची गाय मान टाकून बसली होती. हिरडीवर कोंडा. दोन्ही हेल्यांना ताप. माझ्या पेटीत सिरमचा थेंब नव्हता. सारं कोसमघाटला संपलं होतं आणि तारेने मागवलेलं नवं आत्ता कुठे आगगाडीने निघालं होतं. ते पोचायला दोन दिवस लागले. तोवर दौलतने नि मी तिचा गोठा गावापासून तोडला, कोणाला फिरकू दिलं नाही. सिरम आलं तसं बेलाटीतलं प्रत्येक ढोर टोचलं. गाव वाचलं. गाय गेली, आणि तिच्या पाठोपाठ जोडीही गेली. पहिला पाऊस पडून बांध्या भरू लागल्या होत्या.

गावात एकच नाव चाललं होतं, रामाधीनचं. त्यानेच माता आणली, त्याचा कळप जाळा, असं माणसं उघड बोलत होती. मी तिच्या अंगणात उभा राहून मनात दिवस मोजत होतो. रामाधीनचा कळप दोरीच्या बाहेर आलाच नव्हता. मग कोण आलं होतं? मी दौलतकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाबू," तो हळूच म्हणाला, "ते तणस."

कोसमघाटला आजारी ढोरांपुढे पडलेल्या गंजीतलं तणस आम्ही बैलांसाठी गाडीत भरून घेतलं होतं. बैल टोचलेले होते, म्हणून त्यांना काही झालं नाही. मी चाकं धुतली, खुरं धुतली, जोडे धुतले. चारा धुता येत नाही, तो बाहेर नेऊ नये, हे मंगलूने मला आधीच सांगितलं होतं.

खोटं सांगायचं नाही. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. कोणी विचारणारही नव्हतं. पण रामाधीनचं पांढऱ्या मिशांचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी गावातल्या लोकांना बोलावलं आणि सेवंताबाईसमोर सांगितलं, "माता रामाधीनने नाही आणली. माझ्या गाडीतल्या चाऱ्यातून आली. मी शीव मोडली."

दौलत पुढे होऊन म्हणाला, "तणस म्या टाकलं." मी त्याला मागे सारलं. गाडी माझी होती.

 सेवंताबाई उठून माझ्यासमोर आली.

"आता हे ऐकून मी का करू?" ती म्हणाली. "माया बांधीत पानी उभं आहे."

"माझी जोडी घ्या," मी म्हणालो. "पावसाळाभर तुमच्याकडे राहू द्या."

"तुमची गाडी कोन वढल?"

"मी चालतो."

"तं चाला," ती म्हणाली. रडली नाही, आभार मानले नाहीत. माझ्या बैलांचे कासरे दौलतच्या हातातून घेतले आणि गोठ्याकडे नाही, सरळ बांधीकडे घेऊन गेली.

तो पावसाळा मी पेटी खांद्याला लावून पायी काढला. आषाढात मंगलूने दोरी सोडली. रामाधीनच्या कळपातली ढोरं घ्यायला माणसं करंजीहून, पार आमगावकडून कोसमघाटला चालत आली. शेवटचा हेला विकला गेला तेव्हा रामाधीनने मला नमस्कार केला आणि म्हणाला, "अवइया बछर फेर आहूँ." पुढल्या वर्षी पुन्हा येईन. तो आला, आणि त्यानंतर दरवर्षी माझ्या दवाखान्याशी कळप थांबवी, मी ओठ उलटून पाहिल्याशिवाय पुढे जात नसे. कार्तिकात सेवंताबाईने माझी जोडी परत पाठवली. बैल माझ्याकडे होते त्याहून अंगाने भरले होते.

त्याच हिवाळ्यात बुळकांडीवरच्या, बकऱ्यात वाढवून मवाळ केलेल्या लसीची टोचणी आमच्या भागात सुरू झाली. एका टोचणीत कित्येक वर्षांची खात्री. पण ही लस टोचल्यावर जनावराला चार दिवस ताप येई, म्हणून लोक तिला घाबरत. बेलाटीत तर मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. गेलो, दवंडी दिली. आखरावर माणसं जमली. ढोरं एकानेही आणली नाहीत.

एक म्हातारा म्हणाला, "मागल्या खेपी यानंच माता आनली. आता सुईनं आनल."

 मी पेटीचं झाकण लावायला घेतलं.

तेवढ्यात सेवंताबाई येताना दिसली. भावाकडून आणलेली नव्या हेल्यांची जोडी तिच्यासोबत होती. ती माणसांमधून सरळ माझ्यापर्यंत आली आणि मग लोकांकडे तोंड केलं.

"ऐका गा. या मानसापायी मायी ढोरं मेली, खरं आहे. पन कोनाले मालूम होतं का? सारे रामाधीनच्या नावानं बोंबलून राहिले होते. यानंच सांगतलं, मायाच गाडीतून आली म्हनून. काऊन सांगतलं? कोनी मारत होतं का त्याले? जो आपली चुकी सांगते, तो सुई चांगली म्हनते तं चांगलीच असल."

मग माझ्याकडे वळली. "टोचा. आधी मायी जोडी, मंग बाकीची."

मी तिची जोडी टोचली. म्हाताऱ्याने आपल्या मुलाला गोठ्याकडे पिटाळलं. दिवस मावळायच्या आत बेलाटीतलं एकही ढोर टोचायचं उरलं नाही, आणि माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्या गावात बुळकांडीने पुन्हा पाऊल टाकलं नाही.